सासऱ्यांच्या जुन्या लेन्स सोनी झेडव्ही-ई१० वर चालतील का?

फैजपूरची_वर्षा

नमस्कार मंडळी. आमच्या मामंजींचा फैजपूरला फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं आणि तो बंद पडला, तेव्हापासून सगळं सामान जुन्या धाब्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत पडून आहे. त्यात झेनिट आणि पेंटॅक्स के१००० असे दोन फिल्मचे कॅमेरे निघाले. लेन्स चार आहेत: झेनिटवरची हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ २), आणि पेंटॅक्सच्या एम सिरीजच्या तीन, ५० मिमी एफ २, २८ मिमी एफ २.८ आणि १३५ मिमी एफ ३.५.

माझ्याकडे सोनीचा झेडव्ही-ई१० कॅमेरा आहे, सोबत आलेल्या १६-५० लेन्ससह. आमचा बचत गट केळीच्या खोडाच्या धाग्यापासून पिशव्या, चटया, टोपल्या करतो. त्यांचे फोटो आणि छोटे व्हिडिओ मी काढते. किट लेन्सने मागचं सगळंच दिसतं, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळासुद्धा. म्हणून वाटलं, या लेन्स लावून बघाव्यात.

विचारायचं ते असं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा ॲडॅप्टर कोणता घ्यायचा? दोन वेगळे लागतील का? एका मैत्रिणीचा ॲडॅप्टर लावून पाहिला तर कॅमेरा फोटोच काढेना, लेन्स नाही असं म्हणतो. आणि एवढी वर्षं पडून राहिलेल्या लेन्स खराब झाल्यात की नाही हे कसं ओळखायचं? आमच्या यांचं म्हणणं, भंगारात द्या आणि एक ऑटोफोकसवाली नवी घ्या. मामंजी काही बोलत नाहीत, पण पेटी त्यांनी स्वतः पुसून ठेवली आहे.

धुळे_व्हिडिओवाला

ताई, लेन्स भारी शेतस, ईकू नका. पण लगीनमा वापरू नका! हळदीत नवरीची मावशी तांब्या घेऊन धावत येते, तेव्हा रिंग फिरवायला वेळ कोणाकडे असतो? एफ २ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडं असताना, दोन मीटरवरच्या माणसाच्या मागेपुढे मिळून जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर शार्प येतं. माणूस नुसता झुकला तरी गेलं. मी लग्नाला ऑटोफोकसच नेतो. हेलिओस फक्त नवरा-नवरीच्या वेगळ्या शूटला, तेही संध्याकाळी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी वगैरे.

दुसरं म्हणजे दुपारी व्हिडिओ काढणार असाल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्यावाच लागेल. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून दिवे लुकलुकू नयेत यासाठी सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० सेकंद ठेवतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि कडक ऊन, तर एफ ४ वर १/१६०० लागतं. त्यावरून १/५० वर यायचं म्हणजे पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ३२. एफ २ वर तर सात स्टॉप. बाकी नाना सांगतील, ते याच मातीतले.

नाना_अमळनेर

ताई, आधी यांना सांगा भंगाराचं नाव काढू नका म्हणून.

कॅमेरा लेन्स नाही म्हणतो ते बरोबरच आहे. या लेन्सला विजेचे टोक नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ नावाची ओळ शोधा आणि ती एनेबल करा. एवढ्यावर फोटो निघायला लागेल. मग ‘पीकिंग’ चालू करा, रंग लाल किंवा पिवळा ठेवा, जे शार्प आहे त्याच्या कडा रंगतील. त्यावर पूर्ण विसंबू नका मात्र. ‘फोकस मॅग्निफायर’ एखाद्या बटणावर लावून घ्या. किट लेन्सची रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं, या लेन्सबाबत तसं होत नाही, बटण दाबावं लागतं. मोड ‘ए’ ठेवला तरी चालतो, शटर कॅमेरा ठरवतो. अपर्चर मात्र तुम्ही लेन्सवर फिरवायचं, आणि फोटोच्या माहितीत ते नोंदलं जात नाही.

आता ॲडॅप्टर. लेन्सच्या बुडापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं. झेनिटचा आट्याचा माउंट (लेन्स बसवायची जागा), ज्याला एम४२ म्हणतात, त्याचं अंतर ४५.४६ मिमी. पेंटॅक्स के माउंटचंही नेमकं तेवढंच. सोनीचं १८ मिमी, कारण आत आरसा नाही. उरलेले २७.४६ मिमी ॲडॅप्टरने भरून काढायचे, म्हणून तो नुसती पोकळ नळी असतो, आत काच नसते. काच असलेला कोणी विकत असेल तर घेऊ नका, त्याची सोनीवर गरज नाही. आरशाच्या निकॉनवर मात्र अडचण होती. तिथे अंतर ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त. साधी रिंग लावली तर लांबचं फोकसच होत नसे, मग आत काच घालायची आणि चित्र बिघडवायचं. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचंही तसंच. त्यांचं अंतर ४२, नंतरच्या ईओएसचं ४४, म्हणून १९८७ नंतर कॅननवाल्यांच्याच घरात त्या लेन्स पोरक्या झाल्या. २००८ ला पॅनासॉनिकचा पहिला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा आला आणि मग अशा सगळ्या लेन्सना पुन्हा गिऱ्हाईक आलं. त्याआधी स्टुडिओ मोडणारे लोक झेनिट पोरांना खेळायला देत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन्ही माउंटचं अंतर एकच असल्याचा तुम्हाला फायदा आहे. पेंटॅक्स के ते सोनी ई असा एकच बरा ॲडॅप्टर घ्या. हेलिओससाठी एम४२ ते के अशी पातळ रिंग मिळते, ती त्याच्या आत बसते. ही रिंग बिनकाठाची हवी. बाहेर काठ असलेली घेतली तर काठाच्या जाडीएवढी लेन्स पुढे सरकते आणि लांबचा सातपुडा कायमचा धूसर.

स्वस्त ॲडॅप्टर बहुतेक वेळा किंचित पातळ करतात, म्हणजे अनंताच्या खुणेच्याही पुढे फोकस जातं. त्यात बिघडत काही नाही, फक्त डोंगर काढताना रिंग शेवटपर्यंत पिळून ‘झालं’ म्हणू नका. मॅग्निफायर लावून बघा आणि थोडं मागे या.

लेन्स तपासायची ती अशी. अपर्चर पूर्ण उघडा. पेंटॅक्सच्या लेन्सची छिद्र लहानमोठं करणारी पाती कॅमेऱ्याबाहेर असताना ठेवलेल्या आकड्यावर मिटलेली असतात, तेव्हा आकडा २ किंवा २.८ वर आणा. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी लावा आणि पुढून तिरपं बघा, सरळ नको, डोळे दिपतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर धूसरपणा, आम्ही हेझ म्हणतो. धुळीच्या चार कणांकडे लक्ष देऊ नका, त्यांनी फोटोला काही होत नाही. धूळ नसलेली लेन्स खान्देशात कोणी दाखवली तर मी तिला संशयाने बघेन.

कोकणातल्या लेन्सचा जीव बुरशी घेते, आपल्याकडे ऊन घेतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या पेटीत तर त्याहून जास्त. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल सुटून पात्यांवर येतं. म्हणून बॅटरी लावलीच आहे तर अपर्चर मिटवून पात्यांकडेही बघा. कोरडी पाती मंद काळी दिसतात. तेल असेल तर इंद्रधनुषी चकाकी किंवा ओला डाग दिसेल.

तेल दिसलं म्हणून लेन्स गेली असं नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात शटर दाबताच पाती क्षणात मिटावी लागत, चिकट पाती तिथे उशिरा मिटत आणि फोटो पांढरा पडत असे. तुमच्या कॅमेऱ्यावर तुम्ही रिंग फिरवणार, पाती सावकाश मिटली तरी बिघडत नाही, मिटली की झालं. फक्त अडली तर जोर करू नका, पातं वाकेल. आणि तेच तेल उन्हाळ्याउन्हाळ्याला उडून आतल्या काचेवर बसतं, हेझ त्यातूनच येतं. म्हणून आजच लेन्स पेटीतून काढा. घरातल्या सर्वात थंड भिंतीच्या कपाटात, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कातडी पाउच असतील तर ते वेगळे करा, पावसाळ्यात कातडं ओल धरतं.

बुरशी निघाली तर ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि साफ करायला द्या. स्वतः उघडू नका. एका ठिकाणी माझी लेन्स उघडून परत बसवताना मधलं भिंग उलटं बसवून दिलं होतं आणि वर मलाच सांगितलं, जुनी आहे, आता असंच येणार. पैसे घेतले ते वेगळे.

फैजपूरची_वर्षा

नाना, खूप आभार. तुम्ही सांगितल्यासारखं सगळं पाहिलं. ५० आणि २८ एकदम साफ. १३५ च्या पात्यांवर चकाकी आहे, पण मिटतात. हेलिओस काचेने चांगली आहे, फोकसची रिंग मात्र खूप जड फिरते. आणि तिला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एक टकटक अडते आणि एक मोकळी फिरते. मोकळी फिरणारी तुटलेली आहे का?

दुसरी अडचण फारच मोठी. या कॅमेऱ्याला डोळा लावायला जागाच नाही, फक्त मागची स्क्रीन. दुपारी अंगणात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसतो, पीकिंग कुठलं दिसायला!

नाना_अमळनेर

मोकळी रिंग तुटलेली नाही, तीच तर या लेन्सची मजा. अडणाऱ्या रिंगवर आकडा ठरवायचा, समजा ५.६. मग मोकळी रिंग पूर्ण उघडायची, एफ २ वर नेमकं फोकस करायचं, आणि कॅमेऱ्यावरून नजर न काढता तीच रिंग अडेपर्यंत फिरवायची, ५.६ वर जाऊन थांबते. पेंटॅक्सवर हेच आकडे मोजत करावं लागतं. मिटलेल्या अपर्चरवर पीकिंग सगळीकडेच रंग दाखवतं आणि फसवतं, म्हणून फोकस नेहमी उघड्यावर. आणि टकटक नसल्यामुळे व्हिडिओ चालू असताना उजेड हळूहळू कमीजास्त करता येतो, आवाजही येत नाही.

जड रिंग म्हणजे ग्रीस वाळलं आहे, पातळ अंश निघून गेला आणि गोंद राहिला. वरून तेलाचा थेंब सोडायचा मोह आवरा, तो पात्यांवरच जाणार. जमेल तोवर तशीच वापरा. स्थिर वस्तूंना जड रिंग चालते, उलट चुकून हलत नाही.

स्क्रीनसाठी ब्राइटनेसमध्ये ‘सनी वेदर’ आहे, ते लावा. नाही पुरलं तर डोक्यावरून काळं कापड घ्या. लोक हसतील, हसू द्या. आमच्या गुरुजींनी प्लेट कॅमेऱ्यावर जन्म काढला तो कापडाखालीच. तसंही तुमच्या टोपल्या दुपारच्या अंगणात काढूच नका. धाब्याच्या घराला एखादं लहान उत्तरेकडचं दार असेल, त्याच्या आत हातभर अंतरावर टोपली ठेवा. केळीच्या धाग्याला एक रेशमी चमक असते, ती बाजूने येणाऱ्या एकाच उजेडात दिसते, वरून पडणाऱ्या उन्हात तो धागा सुतळीसारखा दिसतो.

तिथे ५० मिमी लावा. तुमचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून त्यावर ती ७५ सारखी बघते, भिंतीवरचा खिळा आपोआप बाहेर जाईल. किट लेन्स ५० वर एफ ५.६ असते, ही एफ २. तीन स्टॉपचा फरक, म्हणजे आठपट उजेड. पण टोपली एफ २ वर काढू नका. मीटरभरावर तिथे अडीच-तीन सेंटिमीटरच शार्प राहतं, पुढची वीण दिसेल आणि कड विरघळेल. ४ किंवा ५.६ ठेवा, मागची भिंत दोन-तीन मीटर लांब असू द्या, खिळा तरीही विरघळेल. कॅमेऱ्यात हात स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, तेव्हा हातात धरून ५० किंवा ५८ ला १/१०० च्या खाली, १३५ ला १/२५० च्या खाली जाऊ नका. तिपाई असेल तर प्रश्नच नाही.

विणीचा अगदी जवळून फोटो हवा असेल तर एम४२ च्या पोकळ रिंगांचा संच मिळतो, हेलिओस आणि ॲडॅप्टरच्या मध्ये पिळायचा. नुसती हेलिओस अर्ध्या मीटरपेक्षा जवळ येत नाही, रिंग लावली की धाग्याचे तंतू मोजता येतील. आणि सगळ्यात मोठी सोय: तुमच्या चारही लेन्सचा फिल्टरचा आटा ४९ मिमीच आहे. धुळ्याच्या भाऊंनी सांगितलेला एनडी एकच घ्या, चौघींना पुरेल. उन्हाकडे तोंड करून काढणार असाल तर रबरी हूडही त्याच मापाचं घ्या. हेलिओसवर जुनं साधं कोटिंग आहे, बाजूचं ऊन काचेवर पडलं की सगळं चित्र फिकं पडतं.

धुळे_व्हिडिओवाला

नाना, हेलिओसचा तो प्रसिद्ध गरगरणारा बॅकग्राउंड सांगायचा राहिला. पोरं त्याच्यासाठीच तर घेतात! मला मात्र झेडव्ही-ई१० वर तो कधी नीट मिळाला नाही.

नाना_अमळनेर

कारण तो भोवरा कडेला असतो आणि तुमचा सेन्सर कडा कापून टाकतो. मधल्या उजेडाचे ठिपके गोल येतात, कडेला जाताना लेन्सच्या नळीनेच ते कापले जातात आणि मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात, सगळे मिळून फिरल्यासारखे वाटतात. मूळ रचना कार्ल झाइसच्या बायोटारची, युद्धानंतर रशियात ती हेलिओस म्हणून निघाली. फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरवर, भोवरा भरपूर, तुमच्याकडे थोडा. थोडाच बरा, मला विचाराल तर. चेहऱ्यामागे सगळं गरगरत असलं की माणूस बघावा की गिरणी, कळत नाही.

तरी हवाच असेल तर झाड निवडून घ्या. केळीच्या बागेत लोक हमखास जातात आणि हमखास निराश होतात. पान एवढं मोठं की मागे नुसते हिरवे पट्टे येतात. बाभूळ, चिंच, कडुनिंब, बारीक पानांतून आभाळाचे तुकडे दिसतील असं काहीही. माणूस दीड मीटरवर, झाड त्याच्या मागे चार-पाच मीटर, ऊन झाडाच्या पाठीमागून, अपर्चर एफ २. भर दुपारी एफ २ वर १/६४०० लागेल आणि तुमच्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० ला संपतं. म्हणून सकाळ नाहीतर संध्याकाळ, किंवा तोच एनडी.

शहाद्याचा_मास्तर

२८ मिमीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वर्षाताई, ती सर्वात कामाची आहे, आणि ‘मॅन्युअल म्हणजे सावकाश’ हे तिच्याबाबत खोटं आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी असलीच २८ लावून जातो. एफ ८, फोकसची रिंग पाच मीटरवर, आणि मग रिंगला हात लावायचा नाही. आपल्या सेन्सरवर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. घोडा उधळो, सौदा तुटो, बटण दाबलं की फोटो. ऑटोफोकसवाले अजून चौकट शोधत असतात. लेन्सवर अंतराच्या बाजूला जे आकड्यांचे पट्टे कोरलेले आहेत ते याच्यासाठीच. फक्त ते फिल्मच्या हिशेबाचे, तेव्हा एफ ८ वर असताना ५.६ चे पट्टे धरा.

धुळ्याच्या भाऊंच्या हळदीलासुद्धा चालेल ही, मावशी अडीच मीटरवर थांबली तर.

नाना, माझा एक प्रश्न. माझ्याकडे सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ आहे, काच चहासारखी पिवळी झाली आहे. उन्हात ठेवली की उतरते म्हणतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे, गच्चीवर ठेवू का?

नाना_अमळनेर

मास्तर, गच्चीवर ठेवू नका, मेमध्ये तर मुळीच नाही. त्या काचेत थोरियम (किरणोत्सारी धातू) आहे, त्याच्या किरणांनी काच पिवळी पडते, अतिनील उजेडाने उतरते, हे खरं. पण गच्चीवर उजेडासोबत तापही आहे, आणि ग्रीसचं काय होतं ते वर लिहिलंच. छोटा अतिनील एलईडी दिवा आणा, लेन्सखाली चांदीचा कागद ठेवा, मागच्या बाजूने काचेजवळ दिवा ठेवून काही दिवस चालू राहू द्या, मधून मधून हात लावून लेन्स गरम तर होत नाही ना बघा. दिव्याकडे टक लावून बघू नका. उन्हातच करायचं तर डिसेंबर-जानेवारीची सकाळ, आणि पुढचं भिंग सूर्याकडे करून लाकडावर ठेवू नका, मागे जाळ लागेल. थोरियमला घाबरायचं कारण नाही, लेन्स वापरायला काही धोका नाही. फक्त ती काच फोडू किंवा घासू नका.

फैजपूरची_वर्षा

ॲडॅप्टर आणि बिनकाठाची रिंग दोन्ही मागवलं. काळी ओढणी आधीपासून होतीच. काल मामंजींना तुमचं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी त्यांनी टेबलावर मांडून काढलेले फोटो आहेत, ते आधी बघून ये, मग टोपल्या मांड. ते काय आहे? आणि शेवटचं: रिंग ॲडॅप्टरमध्ये एकदा बसवली की निघते का? परत पेंटॅक्सच्या लेन्स लावायच्या आहेत.

नाना_अमळनेर

मामंजी बरोबर सांगतात. मूस १९८९ ला गेले, चाळीसगावचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. घरातल्या साध्या वस्तू आणि थोडा उजेड मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले, टेबल-टॉप म्हणतात त्याला. भुसावळहून गाडीने सोपं पडतं. तुमच्या टोपल्यांसाठी एवढं कामाचं दुसरं काही मी सुचवू शकत नाही.

रिंग निघते. तिला आत एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते, ती नखाने किंवा बारीक पेचकसाने दाबून रिंग फिरवायची. हे करताना ॲडॅप्टर कॅमेऱ्यावरून काढलेला असू द्या, पेचकस निसटला तर समोर सेन्सर आहे. आणि नवा ॲडॅप्टर पहिल्यांदा लावण्याआधी आतून ब्रश मारून झटकून घ्या, स्वस्तातल्यांत लेथचे बारीक कीस राहिलेले असतात.

१३५ सध्या बाजूला ठेवा. पाती पुढच्या उन्हाळ्याआधी साफ करून घ्या.